पहिल्या तारखेची पाकिटं

माझ्यावर पावणेसात लाखांचं कर्ज होतं आणि घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही, वाशिमला राहणाऱ्या बाबांना तर नाहीच नाही. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला थोडंफार माहीत होतं, पण तेही फक्त तिच्याकडून घेतलेल्या चाळीस हजारांपुरतं.

एवढं कर्ज म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी मोठं संकट आलं असणार. माझ्या बाबतीत तसं काहीच झालं नाही. कुणी आजारी पडलं नाही, धंदा बुडला नाही. मी हडपसरच्या एका कंपनीत परदेशी ग्राहकांचे फोन घेणाऱ्या टीमची प्रमुख होते, हातात एक्केचाळीस हजार यायचे. नवरा एका कारखान्यात सुपरवायझर, त्याचे तेहेतीस. दोघांचं मिळून चांगलं चालायला हवं होतं.

सुरुवात झाली ती माहेरच्या फ्रिजपासून. बाबा जिल्हा परिषदेत शिपाई होते. पुण्यात येऊन नोकरी करणारी आमच्या घरातली मी पहिली. ऑफिसच्या लॉबीत एक माणूस टेबल टाकून बसलेला असायचा, त्याच्याकडून पहिलं कार्ड घेतलं आणि त्यावर पहिली वस्तू घेतली ती वाशिमच्या घरासाठी. बाबांनी गल्लीभर सांगितलं, “पोरीनं पुण्याहून पाठवला.” ते वाक्य मला फोनवर ऐकू आलं आणि त्याची मला चटकच लागली. मग धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची फी. मग बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन, तेही खाजगी दवाखान्यात. चुलत बहिणींच्या लग्नात मिक्सर द्यायचा तर सगळ्यात महागाचा. लग्नानंतर आमचा स्वतःचा सोफा आला, टीव्ही आला, हप्त्यांवर. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की मीच पुढे होऊन बिल द्यायचे. नंतर सगळे आपापला वाटा पाठवायचे, पण ते पैसे कार्डाकडे कधी जायचेच नाहीत.

कार्डाच्या बिलावर दोन आकडे असतात. एक पूर्ण रक्कम आणि एक ‘किमान भरायची’ रक्कम. मी तीन वर्षं फक्त तो दुसरा आकडा बघितला. तोही जमेनासा झाला तेव्हा आधी बँकेचं कर्ज, मग फोनवरच्या ॲपमधून कर्ज काढलं, आणि त्या ॲपचे पैसे भरायला दुसरं ॲप. नवरा विचारायचा, “तुझ्या पगारातून काही उरतं का गं?” मी म्हणायची, “एसआयपी चालू आहे.” इतक्या सहज म्हणायची, की कधीकधी माझाही त्यावर विश्वास बसायचा.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्याला तेव्हा सहा महिने झाले होते. अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात त्यांनी आया म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली. त्यांचा नवरा लवकर गेला. एकुलत्या मुलाला त्यांनी त्या पगारात डिप्लोमा करून दिला. कमी बोलणारी बाई. सकाळी आंघोळ करून बुद्धवंदना आणि पंचशील म्हणायची, मग चहा. मी त्यांना आई म्हणते, पण त्या सहा महिन्यांत आमच्यात ‘जेवलीस का’च्या पलीकडे फारसं बोलणं झालं नव्हतं.

एका शनिवारी सकाळी मी भाजी घेऊन वर आले तर दाराबाहेर अनोळखी बूट. आत सोफ्यावर एक माणूस बसलेला, पांढरा शर्ट, मांडीवर हेल्मेट, हातात आमच्याच घरातला कप. आई समोर खुर्चीवर बसून त्याला विचारत होत्या, “मग गावाकडं कोण असते?”

मला बघून तो उठून उभा राहिला. “मॅडम, तीन हप्ते थकले. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून यावं लागलं.”

तो उद्धट नव्हता. उलट माझ्याइतकाच अवघडलेला होता. मी सोमवारी भरते म्हणाले, त्यानं मोबाईलवर काहीतरी टिपून घेतलं, आईंना नमस्कार केला आणि गेला. आईंनी त्याचा कप उचलून बेसिनमध्ये ठेवला.

“किती हाय?” त्यांनी पाठमोरंच विचारलं.

“फार नाही आई. पंचवीस-तीस हजार. ते कार्डाचं जरा...”

त्यांनी कप धुतला, पालथा घातला आणि हात पुसत वळल्या. “रोज सकाळी आपण म्हणतो ना, खोटं बोलणार नाही म्हणून? मी पुन्हा विचारत नाही. जेवण झालं की सांग. पण खरा आकडा सांग मले.”

जेवणात काय होतं ते आठवत नाही. नवरा पहिल्या पाळीहून साडेतीनला आला, तेव्हा मी स्वयंपाकघरात आईंपुढे बसून रडत होते. त्याला वाटलं आमचं भांडण झालंय. “काय झालं?” त्यानं आईला विचारलं. “ती सांगते,” आई म्हणाल्या आणि उठून गॅलरीत जाऊन बसल्या. पुढचं मला एकटीलाच करायचं होतं.

मी सांगितलं. तो मध्ये एकदाच बोलला. “एसआयपी?” मी मान हलवली. तो चपला घालून खाली गेला. गॅलरीतून दिसत होतं, पार्किंगमध्ये गाडीवर बसून होता, गाडी चालू न करता. तासाभरानं वर आला तेव्हा हातात दह्याची पिशवी होती. सकाळी मी सांगितलं होतं, येताना दही आण म्हणून. ती पिशवी ओट्यावर ठेवून तो आंघोळीला गेला. मला वाटतं, आमचं लग्न टिकणार हे मला त्या दह्यामुळं कळलं. पण त्यानंतर अकरा दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि ते मी सोसायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आईंनी जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडून उलटं टेबलावर पसरलं. “लिही.” मी लिहिलं. बँकेचं कर्ज तीन लाख दहा हजार. पहिलं कार्ड एक लाख शेहेचाळीस. दुसरं अठ्ठ्याऐंशी. तीन ॲप मिळून चोपन्न. सोफा आणि टीव्हीचे राहिलेले हप्ते सदतीस. एवढ्यावर मी पेन ठेवलं.

“झालं?” आईंनी विचारलं.

“मैत्रिणीकडून चाळीस घेतलेत.”

“ते काऊन नाही लिहिले?”

“तिला व्याज नाही द्यायचं.”

“तिले व्याज नाही म्हणून तर पहिले लिहायचे,” आई म्हणाल्या.

नवऱ्यानं बेरीज केली. सहा लाख पंच्याहत्तर हजार. हा आकडा मी स्वतःही पहिल्यांदाच पाहत होते. तोवर वेगवेगळे आकडे वेगवेगळ्या दिवशी अंगावर यायचे, सगळे एका ओळीत उभे केलेले कधी बघितलेच नव्हते. विचित्र वाटेल, पण बघून जरा बरं वाटलं. एवढंच आहे तर. याच्या पुढे नाही.

मग माझ्या मनात जे आलं ते आईंनी ओळखलं. त्यांना निवृत्तीचे पैसे मिळालेले आम्हाला ठाऊक होतं.

“माह्याकडं पैसे हायेत,” त्या सरळ म्हणाल्या. “पण देणार नाही. मी भरले तर तुमचं कर्ज फिटीन, हात तसाच राहीन.”

मला त्यांचा मनस्वी राग आला. खोटं कशाला बोलू? पुढचे काही महिने तो राग मी पोळ्या लाटताना, बसमध्ये बसताना बरोबर बाळगला. यांच्या एका सहीनं सगळं मिटलं असतं, असं वाटायचं. आज त्या ‘नाही’साठी मी त्यांची जितकी ऋणी आहे तितकी दुसऱ्या कशासाठीच नाही.

आधी घर बदललं. हडपसरला आम्ही तेवीस हजार भाडं भरत होतो, कशासाठी, तर खाली बाग आणि जिम होती. जिममध्ये मी दोनदा गेले असेन. कात्रजला डेअरीच्या मागच्या बाजूला साडेबारा हजारांत एक बेडरूमचं घर मिळालं. लिफ्ट नाही, तिसरा मजला. जुन्या घरमालकांनी अनामत परत देताना रंगकामाचे पंधरा हजार कापले. नवरा म्हणाला, “अहो, आम्ही भिंतीला खिळासुद्धा ठोकला नाही.” ते म्हणाले, “म्हणूनच पंधरा. ठोकला असतात तर वीस.” नव्या घराची अनामत भरून पंचेचाळीस हजार हातात उरले. माझी स्कूटर अडतीस हजारांना विकली. त्या पैशांतून तिन्ही ॲपची कर्जं एका दिवसात फेडली आणि फोनवरून ती काढून टाकली. त्या संध्याकाळी माझा फोन वाजला नाही. मी दोनदा उघडून बघितला, बंद तर पडला नाही ना म्हणून.

उरलेल्या एकोणतीस हजारांवरून घरात वाद झाला. नवऱ्याचं म्हणणं, कार्डाचं व्याज सगळ्यात जास्त, ते आधी भरू. हिशेबानं त्याचंच बरोबर होतं. आई म्हणाल्या, “बँक काही तुमची वाट पाहून रडत नाही. माणसाचं पहिले द्या.” शेवटी पुढच्या पगारातले अकरा हजार घालून चाळीस पुरे केले.

मैत्रिणीनं सात-आठ महिन्यांपासून माझ्याबरोबर डबा खाणं सोडलं होतं. मी दिसले की फोन कानाला लावायची. पगार झाल्यावर मी कॅन्टीनमध्ये तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

“मोजून घे,” मी म्हणाले.

तिनं पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. “मला वाटलं तू बुडवलेस.”

“बुडवलेच होते.”

“माझ्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे होते गं ते. तुझ्यामुळं तारीख पुढे ढकलली.” हे मला माहीत नव्हतं. मग तिनंच डबा उघडला आणि म्हणाली, “बस आता. वांगं आणलंय.”

पाकिटांची पद्धत आईंची. दवाखान्यात असताना त्यांचा पगार रोख मिळायचा आणि त्या पहिल्याच तारखेला तो वाटून मोकळ्या व्हायच्या. “पहिल्या तारखेलेच महिना संपवायचा,” त्या म्हणायच्या. “मग उरलेले एकोणतीस दिवस पैशाचा विचार करायचाच नाही.” आम्ही जुन्या लग्नपत्रिकांची पाकिटं काढली, जाड, सोनेरी कडा असलेली. त्यांवर फळ्यावर लिहावं तशा ठळक अक्षरात लिहिलं: किराणा, भाजी, दूध, बस आणि पेट्रोल, औषध, अचानक. भाडं, वीज आणि सगळे हप्ते पगार होताच बँकेतून जायचे. बाकीचे पैसे एटीएममधून काढून टेबलावर ठेवायचे आणि तिघांनी बसून वाटायचे. किराण्याला नऊ हजार, भाजीला साडेतीन, असं करत करत, वीज धरून, साडेचोवीस हजारांत महिना बसवला. म्हणजे कर्जाला सदतीस हजार.

शेवटी आईंनी एक रिकामं पाकीट पुढे सरकवलं. “याच्यात पाचशे टाका. वर ‘मन’ लिहा.”

“आई, पाचशे म्हणजे कार्डाला...”

“हे उरवायचं नाही. महिन्यात खर्च झालंच पाहिजे. कोंडून ठेवलेलं मन एक दिवस भिंत पाडते.”

पहिल्या महिन्यात त्या पाचशेत काय करावं हेच आम्हाला सुचेना. शेवटी एका रविवारी तिघं शहरात जाऊन मस्तानी प्यायलो. आई आयुष्यात पहिल्यांदा प्यायल्या. आइस्क्रीम संपल्यावर ग्लासात चमचा फिरवत म्हणाल्या, “दूधच तर हाय.” पण पुढच्या महिन्यात कुठं जायचं विचारल्यावर पुन्हा तिथंच म्हणाल्या.

रोख पैशानं जगणं आजच्या पुण्यात सोपं नाही. कात्रजच्या मंडईत माझा नेहमीचा भाजीवाला शंभराची नोट बघून कपाळाला आठ्या घालायचा. “ताई, स्कॅनर लावलाय समोर. शोभेला नाही लावला.”

“मला नोटच द्यायचीय.”

“मग सुट्टे आणा. इथं टांकसाळ नाही.”

मी त्याला एकदा खरं कारण सांगितलं. पैसा हातातून जाताना दिसला की हात आखडतो, म्हणून. पुढच्या वेळेपासून तो सुट्टे मागायचा बंद झाला, आणि महिना संपत आला की “ताई, पालक आज स्वस्त आहे, फ्लॉवरकडे बघू नका,” असं स्वतःहून सांगायला लागला.

तेवीस-चोवीस तारखेला भाजीचं पाकीट रिकामं व्हायचंच. मग पिठलं, मुगाची उसळ, जवसाची चटणी. किराण्याच्या पाकिटातून भाजीच्या पाकिटात पैसे घ्यायचे नाहीत, हा नियम. मी एकदा वीस रुपये घेतले कोथिंबिरीसाठी, तर आईंनी संध्याकाळी विचारलं, “ही कोथिंबीर कोणाची?” आम्ही तिघंही हसलो, पण दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातला चहा सोडून ते वीस रुपये परत ठेवले. कात्रजहून हडपसरला बसनं जायला सकाळी सव्वा तास लागायचा. स्कूटरची आठवण रोज यायची. हळूहळू कंडक्टर ओळखीचे झाले, एका ठरावीक थांब्यावर चढणारी एक शाळेतली बाई माझ्यासाठी जागा धरायला लागली.

सगळं नीट चाललं होतं असं नाही. पाचव्या महिन्यात मी घसरले. ऑफिसात सगळ्याजणी सेलमधले कपडे बघत होत्या. दुसरं कार्ड अजून बंद झालेलं नव्हतं, त्याचा नंबर मला पाठ होता. बावीसशेंचा ड्रेस मागवला, ऑफिसच्याच पत्त्यावर. आला तो टेबलाच्या खणात ठेवला. तीन दिवस मी तो खण उघडलाच नाही. ड्रेस घालून बघायचीही इच्छा होईना. चौथ्या दिवशी तो पिशवीत घालून घरी नेला आणि दोघांसमोर टेबलावर ठेवला.

नवऱ्याचा चेहरा एकदम उतरला. तो काही बोलणार तेवढ्यात आईंनी विचारलं, “परत होते का हे?”

“होतं. सात दिवसांत.”

“मग कर. आणि हात धुऊन ये, पोळ्या गार होऊन राहिल्या.”

एवढंच. नवरा त्यानंतर जेवताना म्हणाला, “सांगितलंस ते बरं केलंस.” अकरा दिवसांचा तो अबोला कधीचा संपला होता, पण आमच्यातलं काहीतरी त्या वाक्यानं जागेवर आलं.

सगळ्यात अवघड गोष्ट पुढेच होती. भावाचं लग्न ठरलं. कर्ज उघड होण्याआधी, मोठेपणाच्या भरात, मी बाबांना शब्द दिला होता की हॉलचा एक लाख आणि वहिनीची अंगठी माझ्याकडून. बाबांचा फोन आला, “बेटा, हॉलवाला पैसे मागून राहिला.” मी पाहते म्हणून ठेवला. आईंना विचारलं, काय सांगू? त्या म्हणाल्या, “मले काय विचारतं? तुह्ये बाप हायेत.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात बसून मी फोन लावला. आधी भावाची चौकशी केली, पावसाची केली. मग म्हणाले, “बाबा, माझ्याकडे एक लाख नाहीत. अंगठीचेही नाहीत. माझ्यावरच कर्ज आहे.”

“कर्ज? कशाचं?”

मी सांगायला लागले. ते ऐकत होते. मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली, हळू आवाजात.

“तो फ्रिज?”

“हो बाबा.”

“याची फी?”

“दोन वर्षांची.”

“माह्या डोळ्याचं ऑपरेशन?”

“तेही कार्डावरच.”

मग बाबा म्हणाले, “म्हणजे दोन वर्षं झाले, मी तुह्या उधारीनं जग पाहून राहिलो.”

मला रडू फुटलं. जिन्यातून वर जाणारे लोक बाजूनं जात होते. बाबा म्हणाले, “रडू नको. तू कधी नाही म्हटलंच नाहीस बेटा, म्हणून आम्ही मागत गेलो. आम्हाला वाटलं तिकडं झाडाला लागतात.” थोडं थांबून, “एकदा तरी नाही म्हणायचं ना माय. बापच तर हाय मी.”

लग्न हॉलमध्ये झालं नाही. वस्तीतल्या विहारात, सकाळी साध्या पद्धतीनं झालं आणि पाहुण्यांना वरण-भात, वांग्याची भाजी आणि बुंदी. भाऊ सुरुवातीला नाराज होता. मग एकटा पुण्याला आला, पाकिटं ठेवलेलं आमचं कपाट बघितलं, आणि जाताना म्हणाला, “ताई, मला फी मागताना कधी वाटलं नाही, तू कुठून देत असशील म्हणून.” मी म्हणाले, मी तसं वाटूच दिलं नव्हतं. लग्नात मी वहिनीला साडी दिली, अकराशेंची. ‘अचानक’च्या पाकिटातून तीन महिने साठवलेले पैसे होते. कुणाला काही देताना इतका हलकेपणा मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

चौदाव्या महिन्यात नवरा पावसात गाडीवरून घसरला आणि मनगटाला प्लास्टर बसलं. सहा आठवडे घरी, निम्मा पगार. ‘अचानक’चं पाकीट एका एक्स-रेत संपलं. मी कर्जाचे हप्ते पुढे ढकलायचा विचार करत होते, तर एक दिवस बसमधून उतरून घरी आले आणि स्वयंपाकघरात दोन महिन्यांचा किराणा भरलेला. तेल, डाळी, तांदूळ, सगळं. आई डबे भरत होत्या.

“आई, तुम्ही तर म्हणाला होता की...”

“ते कर्जाचं म्हटलं होतं. हे घर हाय. घरात मी बी जेवतो.” मग तुरीची डाळ डब्यात ओतत म्हणाल्या, “तू हप्ता भर. चुकवू नको.”

तो राग, जो मी इतके महिने जपला होता, त्या दिवशी कुठं गेला कळलं नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि डबे भरू लागले.

पंचविसाव्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला. कर्ज संपल्याचं पत्र घ्यायला मी बँकेत गेले. काउंटरवरच्या बाईंनी वर न बघता कागद सरकवला. “इथं सही. मोबाईल नंबर लिहा.” मला वाटत होतं त्यांनी काहीतरी म्हणावं. मी म्हणाले, “शेवटचं होतं माझं.” त्यांनी वर बघितलं, चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, “असं म्हणणारे फार कमी येतात हो. सगळे आणखी कर्ज मागतात, टॉप-अप.” मग त्या पत्राची आणखी एक प्रत काढून दिली, न मागता. “एक बँकेच्या फायलीत ठेवा, एक देवाजवळ.”

बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला. तो मशीनच्या आवाजात होता. “झालं,” मी म्हणाले. त्याला ऐकू आलं नाही. “काय?” मी ओरडून म्हणाले, “झालं! संपलं!” रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानं वळून बघितलं. नवरा म्हणाला, “तिथंच थांब,” आणि अर्धी रजा टाकून आला. बँकेसमोरच्या टपरीवर आम्ही एकेक चहा घेतला, मग आणखी एकेक. तो मधूनच ते पत्र माझ्या हातातून घ्यायचा, वाचायचा आणि परत द्यायचा.

पुढच्या पहिल्या तारखेला पाकिटं भरून झाली आणि टेबलावर सदतीस हजार तसेच राहिले. आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत बसलो. नवरा म्हणाला बँकेत ठेवू. मी बाबांना काही पाठवावं म्हणत होते. बोलता बोलता मी आईंपुढे शेंगदाण्याची चिक्की ठेवली, भावानं पाठवलेली. त्यांनी तुकडा उचलला, वाटीतल्या पाण्यात बुडवला आणि तोंडात एका बाजूला धरून बसल्या.

“आई, हे काय?”

“काही नाही. उजवीकडून चावत नाही मी.”

“कधीपासून?”

नवऱ्यानं जवळ जाऊन जबरदस्तीनं तोंड उघडायला लावलं. उजवीकडच्या तीन दाढा नव्हत्याच, डावीकडची एक हलत होती. दोन वर्षं उलटून गेली होती. कात्रजला येण्याच्या आधीपासून.

“तुमच्याकडे पैसे होते ना?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता. “करून का नाही घेतलं?”

“मी तुमच्यासमोर दवाखान्यात पैसे मोजले असते,” आई म्हणाल्या, “तर तुले वाटलं असतं, ही म्हातारी सोताच्या दातांवर खर्च करते आणि आपल्याले देत नाही. मग तुहं मन कडू झालं असतं. कडू मनानं काटकसर होत नाही व पोरी.”

मला खरंच तसं वाटलं असतं. त्या काळातली मी मला चांगली ठाऊक आहे.

कर्वेनगरला एका दंतवैद्याकडे आम्ही पाच वेळा गेलो. खर्च एकतीस हजार आला. आई दर वेळी पर्स उघडायच्या आणि मी दर वेळी ती बंद करायची. शेवटच्या दिवशी नवे दात बसवून डॉक्टरांनी आरसा दिला, आईंनी बराच वेळ आत बघितलं आणि विचारलं, “याने सगळं खाता येते?” डॉक्टर म्हणाले, “दगड सोडून सगळं.” बाहेर पडल्यावर रस्त्याकडेला एक बाई टोपलीत पेरू घेऊन बसली होती. आई थांबल्या. तिखट-मीठ लावलेला एक कच्चा पेरू घेतला, तिथंच फुटपाथवर उभ्या राहून उजव्या बाजूनं चावला, आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी पेरूवालीला आणखी दोन द्यायला सांगितले.